निळ्या ड्रमची भिंतीकडची बाजू

(उस्मानपुऱ्यातलं विद्यार्थ्यांचं सहकारी शाकाहारी वसतिगृह. दुष्काळातला मे महिना, रविवारची सकाळ. आज स्वयंपाकाची पाळी सचिव श्रीनिवासची; दुपारी सगळ्यांची बैठक. अंगद वळकटी बांधून दारात उभा.)

अंगद : ...म्हणून म्हणतो, बैठकीत काढून टाकण्यापरीस आपण होऊन गेलेलं बरं.

श्रीनिवास : वळकटी खाली ठेव. काय केलंस ते सरळ सांग. डोकं दुखतंय, कोडी घालू नकोस.

अंगद : मोरीजवळचा निळा ड्रम. मावशीकडनं आणला म्हणलो होतो ना?

श्रीनिवास : हं.

अंगद : मावशी नाय न् काय नाय. सांडूमामाच्या मटणाच्या दुकानातलाय.

श्रीनिवास : पुढं बोल.

अंगद : आपला ड्रम बुधवारी तडकला. टँकरवाला म्हणला, पुढची गल्ली करून येतो, तवर भांडं नसलं तर थांबणार नाय. अकरा जणांचं आठ दिवसाचं प्यायचं पाणी, दादा! भांडं कोण देतंय या दिवसांत? सांडूमामाचं दुकान पाण्यावाचून बंद, ड्रम रिकामा. हात धुवायचं पाणी असायचं त्यात, मटण नाय. राखेनं तीनदा घासला.

श्रीनिवास : चार दिवस गप्प होतास. आजच का?

अंगद : आपल्यातल्या श्रीरंगचा, त्याची आई आजारी म्हणून, उपास चालू हाय. काल त्यानं त्याच पाण्यानं देव धुतले. मला बघवलं नाय. मी घरी मटण खातो, फॉर्मवर तसं लिहून दिलंय. पण इथं दोन वर्षांत कुणाला फसवलं नव्हतं.

श्रीनिवास : जाणार कुठं होतास?

अंगद : बापानं मेंढरं गोदाकाठाला नेली. देवगावच्या घराला कुलूप हाय. बसस्टँडवर पडलो असतो पेपर होईस्तोवर.

श्रीनिवास : मला माहीत होतं.

अंगद : काय?

श्रीनिवास : ड्रमवर पांढऱ्या रंगात एवढ्या मोठ्या अक्षरांत लिहिलंय, 'सांडू मटण शॉप'. तू ते दाराकडेच ठेवलंस, शहाण्या. मी त्याच संध्याकाळी भिंतीकडे फिरवलं.

अंगद : भरलेला ड्रम?

श्रीनिवास : भरलेला. तेव्हापासून कंबर धरलीय.

अंगद : पण तुम्ही तर अंड्याचा केकबी शिवत नाय!

श्रीनिवास : पहिला घोट उतरेना. मग आठवलं, पुढच्या बुधवारशिवाय टँकर नाही. उतरला. पण ते माझ्यापुरतं. बाकीच्या नऊ जणांच्या वतीनं मीच ठरवून टाकलं. तू भिऊन लपवलंस, मी सचिव असून लपवलं. लाज वाटते रे. आणि इतका थकलोय की लाजसुद्धा धड वाटत नाही.

अंगद : मंग आता?

श्रीनिवास : बैठकीआधी ड्रमवरचं नाव पुन्हा दाराकडे करून ठेवू. सांगेन मी, तू शेजारी उभा राहा.

अंगद : वतून द्या म्हणले तर?

श्रीनिवास : संडासाला वापरू. प्यायचं मी कळशीनं आणेन, हर्सूलपर्यंत जावं लागलं तरी.

अंगद : आन् दोघांनाबी काढलं तर?

श्रीनिवास : तर दोन माणसांचं पाणी वाचेल. धर तिकडून. माझ्याच्यानं एकट्यानं नाही फिरायचा तो परत.