नमस्कार करणारी गाडी

मंडळी, सरका जरा पुढं. मागं उन्हात कशाला बसता? सोफ्यावर नाही हो आजोबा, सोफा कुणाचा आहे ते ज्याचं त्याला ठाऊक असतं. सतरंजीवर या, सतरंजी सगळ्यांची! आयोजकांनी मला फेटा बांधला, शाल दिली, नारळ दिला. अध्यक्ष, फेटा झकास बांधलात. डोक्याला किंचित कोमट लागतोय — असू द्या. त्याचं नंतर बघू.

कीर्तनातलं चिंतन झालं, आता आख्यान. पण आधी एक प्रश्न. तुम्ही कुठं कार्याला गेलात, चार माणसं उठून उभी राहिली, "या या" म्हणाली, खुर्ची पुसून दिली. मला सांगा, ती माणसं उठली कुणासाठी? तुमच्यासाठी? की तुमच्याबरोबर जे आलं त्याच्यासाठी? सोफ्यावरची मंडळी तर एकदम मोबाइल बघायला लागली! ऐका मग.

जुन्नरच्या अंगाला एक बाजाराचं गाव. तिथं हौशीराम ढोबळे नावाचा गृहस्थ. धंदा पिठाच्या गिरणीचा. सकाळी गिरणीत शिरला की संध्याकाळी बाहेर यायचा तो भुवयांसकट पांढरा होऊन. माणूस सरळ, कुणाच्या मापात पाप नाही. बायको मथुराबाई. आणि एक विधवा बहीण, शेवंताबाई, तिची एकुलती मुलगी कावेरी. बाप गेला तेव्हा पोर पाळण्यात होती. मग तिला खांद्यावर घेऊन फिरवलं कुणी? मामानं. शाळेत घातलं कुणी? मामानं. लहानपणी ती गिरणीच्या दारात यायची आणि मामा तिच्या नाकाला पिठाचं बोट लावायचा. एवढं प्रेम!

आता एवढं सगळं असताना या माणसाला कमी काय होतं? मान! म्हणजे त्याला वाटायचं की नाही. आणि असं वाटायला एक कारण घडलं.

भावकीत लग्न होतं. हौशीराम पहाटेपासून मंडपात. खुर्च्या लावल्या, पाहुण्यांना चहा दिला. मग त्याला घरचा म्हणून फेटा बांधला. आरशात बघितलं गड्यानं, मिशीवरून हात फिरवला. तेवढ्यात मंडपाच्या दाराशी आली एक लांबलचक गाडी! आतून उतरले पतसंस्थेचे चेअरमन अप्पासाहेब. माइकवाला निवेदक तुम्हाला माहीत आहे, नवरा-नवरी विसरेल पण चेअरमन विसरणार नाही. "माननीय अप्पासाहेबांचं मंडपात आगमन झालेलं आहे, त्यांना फेटा बांधावा!" आणि फेटे संपलेले. निवेदकानं इकडं बघितलं, तिकडं बघितलं. खाली उतरला, हौशीरामजवळ आला आणि म्हणाला, "पाहुणे, दोन मिनिटं द्या बरं का."

आणि डोक्यावरचा फेटा अलगद उचलला!

मंडळी, हसू नका. हसा, पण थोडं. तो माणूस तसाच उभा राहिला. डोक्यावर फेट्याचा वळ तेवढा उरला. दोन मिनिटं द्या म्हणाला होता निवेदक, ती दोन मिनिटं अजून चालली आहेत. त्याला मनातून फार लागलं ते. घरी येऊन तो बायकोला म्हणाला, "मथुरा, फेटा माणसाला नसतो बांधत, गाडीला बांधतात. कावेरीच्या लग्नाला मी गाडीतनं जाणार."

मथुराबाई म्हणाली, "जाऊ की. घेऊ एखादी छोटी, नवी कोरी. पैसे बाजूला ठेवलेत त्यात बसंल तेवढी."

"छोटी नाही. मोठी. लांबडी. अप्पासाहेबांच्या गाडीपेक्षा वीतभर जास्त."

आता पुंजी सहा लाखांची आणि गाडी पाहिजे राजवाड्यासारखी. मग कुठं जायचं? जुन्या गाड्यांच्या बाजारात! दोघं गेली शहरात. तिथं व्यापारी होता चिमणशेठ. गिऱ्हाइकाच्या चपला बघून खिसा ओळखणारा. त्यानं पहिली गाडी दाखवली, म्हणाला, "डॉक्टरांची आहे." दुसरी दाखवली. "डॉक्टरांची आहे." तिसरी? तीही डॉक्टरांचीच! मंडळी, जुन्या बाजारातल्या सगळ्या गाड्या डॉक्टरांच्या असतात, आणि ते डॉक्टर फक्त रविवारी देवळात जायला गाडी काढतात. मग एवढे पेशंट तपासतं कोण, हे मला अजून कळलेलं नाही.

आणि मग कोपऱ्यात ती दिसली. काळीभोर! परदेशी! पुढं चांदीसारखं चिन्ह! चिमणशेठ म्हणाला, "शेठ, नवी असताना हिची किंमत ऐकून माणसं खुर्चीवर बसायची. तुम्हाला देतोय छोट्या गाडीच्या भावात. तुमचा चेहरा बघून."

चेहरा बघून! अहो, चेहरा बघूनच देतात ना!

मथुराबाईनं गाडीला एक चक्कर मारली, वाकून खाली बघितलं आणि विचारलं, "भाऊ, हिचं एक टायर केवढ्याला?"

"वहिनी, असल्या गाड्यांची टायरं झिजत नाहीत."

"मग डॉक्टरांनी विकली का?"

"अमेरिकेला गेले."

"बरं. आणि बिघडली तर दुरुस्त कोण करणार? आमच्याकडं ट्रॅक्टरवाला आहे, तो हिला हात लावंल का?"

चिमणशेठनं ओळखलं, या बाईशी बोलण्यात राम नाही. तो हौशीरामकडं वळला. म्हणाला, "शेठ, आता एक गंमत बघा." त्यानं बटण दाबलं. आणि मंडळी, काय सांगू — फुस्स् असा आवाज झाला आणि ती गाडी हळूहळू खाली वाकली! चाकं जागच्या जागी, अंग खाली. पुन्हा बटण दाबलं, गाडी वर उठली. या गाडीला स्प्रिंगा नव्हत्या, पोटात हवेचे फुगे होते. ज्याची हौस त्याला फुगे! चिमणशेठ म्हणाला, "मालक उतरायला लागले की गाडी मालकाला नमस्कार करते."

नमस्कार! उभ्या आयुष्यात हौशीरामला वाकून नमस्कार कुणी केला होता? दळण घ्यायला येणारेसुद्धा "ए, झालं का रे?" म्हणायचे. तो विरघळला. त्याला मंडप दिसायला लागला, अप्पासाहेब दिसायला लागले, सगळी माणसं माना वळवून बघताहेत आणि गाडी वाकतेय. मथुराबाई हळूच म्हणाली, "अहो, वाकली आणि उठलीच नाही तर?"

"गप गं. असल्या गाड्यांत बिघडायला काही नसतं."

झालं! कोणती गाडी निवडायची याचा निकाल लागला. इंजिन बघितलं नाही, चालवून बघितली नाही. नमस्कार बघितला आणि पैसे मोजले. तुम्ही हसताय, पण सोयरीक जमवताना आपण तरी दुसरं काय बघतो हो? पोरगा वाकून पाया पडला की झालं, संस्कारी!

आला लग्नाचा दिवस. कार्य शेजारच्याच, शेवंताबाईच्या गावात, शाळेसमोरच्या मैदानावर. मुहूर्त दुपारचा. आता माय-माउली सांगतील, आपल्यात मुलीला मंडपात कोण आणतं? मामा. मंगलाष्टकं चालू असताना तिच्या पाठीशी कोण उभं राहतं? मामा! ही जागा गाडीवर मिळत नाही, फेट्यावर मिळत नाही. ती जन्मतःच मिळालेली असते. त्या दिवशी तर कावेरीला बाप नाही, भाऊ नाही. तिच्या पाठीशी उभं राहायला सगळ्या जगात एकच माणूस!

आणि तो एक माणूस काय करत होता? घरी गाडी पुसत होता! मथुराबाई शालू नेसून दारात उभी. "अहो, चला. पोरगी वाट बघत असंल." हा म्हणतो, "मोठी माणसं आधी जात नसतात. मंडप भरू दे. सगळे बसले की मग जायचं." भरल्या मंडपात जायचं होतं त्याला, म्हणजे वळायला माना जास्त.

निघाले एकदाचे. मंडप शेतापलीकडं दिसायला लागला. तोच हौशीरामच्या मनात आलं, एकदा बघून घ्यावं. मंडपाच्या दारात नीट वाकली पाहिजे. मथुराबाई म्हणाली, "रस्त्यात नका दाबू." पण बोट थांबतंय होय? दाबलं.

फुस्स्!

गाडी वाकली. फार सुंदर वाकली. पुन्हा दाबलं. गाडी वाकलेलीच. पुन्हा दाबलं, धरून ठेवलं, सोडलं, हात जोडले. कसलं काय! गाडीचं पोट रस्त्याला टेकलं, चाकं अंगात गेली, आणि ती महाराणी रस्त्यातच बसून राहिली. याला नमस्कार पाहिजे होता ना? तिनं साष्टांग घातला!

आणि मंडळी, त्याच वेळी शेतावरून वाऱ्याबरोबर माइकचा आवाज आला. "मुलीचे मामा श्रीयुत हौशीराम ढोबळे यांनी मंडपात यावे. मुलीचे मामा!" लक्षात येतंय का? ज्या माइकवरून नाव यावं म्हणून त्यानं सगळी पुंजी घालवली, त्याच माइकवरून त्याचं नाव येत होतं! फुकट! त्याचं नाव, आडनावासकट, सगळ्या शिवारात! आणि हा आत बसून बटण दाबतोय.

"मुलीचे मामा जिथे असतील तिथून लवकर यावे. मुहूर्त जवळ आलेला आहे."

मथुराबाईनं दार उघडायला लावलं, पदर खोचला. "मी निघाले चालत. मी मामी आहे तिची."

"अगं, थांब. कुणीतरी ओढून देईल. दोन मिनिटं."

ती थांबली आणि म्हणाली, "तुमच्या डोक्यावरचा फेटा उचलला तेव्हा पण दोन मिनिटंच म्हणाला होता तो."

हौशीरामचा हात बटणावरून सुटला. इतक्यात माइक पुन्हा बोलला. "मामांना उशीर होत असल्यामुळे त्यांच्या जागी माननीय चेअरमन अप्पासाहेब नवरीच्या पाठीशी उभे राहतील."

तेव्हा फेटा गेला होता. आता जागा चालली! काय वाटलं असेल त्याला, विचार करा. जिला खांद्यावर खेळवली, तिच्या पाठीशी आज दुसराच कुणी उभा राहणार. त्यानं गाडीचं दार तसंच उघडं टाकलं, किल्ली आतच ठेवली, आणि धावत सुटला. पन्नाशीचा गडी, नवा सूट, नवे बूट, कडक ऊन. मागून आचाऱ्याचा टेम्पो गाडीच्या कडेनं चाकं शेतात घालून पुढं आला. लग्नात माणसं वाढली होती, पुऱ्यांना पीठ कमी पडलं होतं, ते घेऊन चालला होता. ड्रायव्हर ओरडला, "पाव्हणं, लग्नालाच का? या वहिनी पुढं बसत्यात. तुम्ही मागं चढा, पोत्यांवर!"

चढला. रस्ता खड्ड्यांचा, पोती ढिली, वारा समोरून. मंडळी, दहा वर्षं गिरणीत जेवढं पीठ अंगावर बसलं नसेल तेवढं त्या दोन वळणांत बसलं!

इकडं मंडपात काय चाललंय? अंतरपाट धरलेला. अप्पासाहेब उठून आलेले. आणि कावेरी बोहल्यावर चढायलाच तयार नाही. म्हणाली, "माझे मामा येतील."

निवेदक म्हणाला, "ताई, मुहूर्त जाईल. अप्पासाहेब मोठे आहेत, मान आहे त्यांचा."

"त्यांना मान आहे. मला मामा पाहिजे."

तेवढ्यात टेम्पो मंडपाच्या मागं थांबला. त्यातून एक पांढराशुभ्र माणूस उतरला आणि माणसांतून वाट काढत पुढं आला. निवेदकानं माइकवरूनच सांगितलं, "ओ पीठवाले, मागून या. आचारी मागे आहेत. इथं नवरीचे मामा यायचेत."

कावेरीनं मान वळवली. सुटातला मामा तिनं कधी बघितला नव्हता. पण हा? हा तर रोजचा! म्हणाली, "आले. तेच आहेत माझे मामा."

हौशीराम तिच्या पाठीशी उभा राहिला. अंगावरचं पीठ झटकायचं भान नाही. आशीर्वाद द्यायला हात उचलला तर तिच्या शालूच्या खांद्यावर पाची बोटं उमटली. फोटोवाला रुमाल घेऊन धावला. ती म्हणाली, "राहू द्या. फोटोत येऊ द्या."

आणि आता गंमत ऐका. निवेदकाला एकदम आठवण झाली, मामांना फेटा नाही! फेटे पुन्हा संपलेले. त्यांचं गणित कधी जमतच नाही. त्यानं अप्पासाहेबांच्या डोक्याकडं हात नेला. हौशीरामनं तो हात वरच्या वर धरला. म्हणाला, "त्यांचा काढू नका. काढल्यावर कसं वाटतं ते मला माहीत आहे."

अप्पासाहेबांना त्या दिवशी पहिल्यांदा कळलं की भावकीतल्या लग्नातला आपला फेटा कुणाच्या डोक्यावरचा होता. जेवणाच्या पंगतीत ते हौशीरामच्या शेजारी येऊन बसले, खाली, पत्रावळीपुढं.

गाडीचं काय झालं, तुमच्या मनात तेच आहे ना? ट्रॅक्टरनं ओढून नेली. दुरुस्तीचा आकडा ऐकून हौशीराम खुर्चीवर बसला, म्हणजे तेवढं चिमणशेठ खरं बोलला होता. शेवटी त्यालाच मिळेल त्या किमतीला परत दिली. अजून बाजारात कोपऱ्यात उभी आहे म्हणतात. मालक कोण म्हणून विचारलं की चिमणशेठ सांगतो, "डॉक्टरांची आहे." चला, गिरणीवाला निदान डॉक्टर तरी झाला!

तर मंडळी, मघाचा माझा प्रश्न. माणसं कुणासाठी उठतात? अप्पासाहेबांसाठी जी उठली, ती त्यांची गाडी बसली की तिच्याबरोबर खाली बसली असती. कावेरी ज्याच्यासाठी थांबली तो पोत्यावर बसून आला होता. तुमच्यासाठी मुहूर्त थांबवील असं कुणी आहे का, तेवढं आज घरी जाऊन आठवा. असेल तर त्याच्याकडं वेळेवर जा. पायी गेलात तरी चालेल.

आता आरतीला उठायचं. पण त्याआधी एक काम राहिलंय. अध्यक्ष, कुठं चाललात? बसा. मघाशी तुम्ही मला फेटा बांधला. माझं डोकं म्हातारं आहे, पण खोटं बोलत नाही. हा फेटा कोमट होता! खरं सांगा, कुणाच्या डोक्यावरून काढलात?

... हं. मृदंगवाल्यांच्या मागं खांबाला टेकून बसलेले ते काका, कपाळावर वळ आहे बघा. मघापासून केसांवरून हात फिरवताहेत. काका, लाजू नका. या इकडं, पुढं या.

वाका जरा. नाही, तुम्ही नका वाकू. मीच वाकतो, हा उतरवून घ्या. अध्यक्ष, आधी यांना बांधा.