घाट उतरल्यावर

(विमानात शेजारशेजारच्या दोन खुर्च्या. एकीवर निवृत्त बसड्रायव्हर. दुसरी त्याच्या निवृत्त कंडक्टरची. तो उभा आहे.)

ड्रायव्हर : खाली बस मास्तर, लोक बघताहेत.

कंडक्टर : एक माणूस कमी आहे. दोनदा मोजली. मागची खिडकी रिकामी.

हवाईसुंदरी : काका, बसा ना. आपण निघतोय.

कंडक्टर : बाई, कोणीतरी पाणी प्यायला उतरलं असेल. हाक तरी मारा.

हवाईसुंदरी : विमानातून पाणी प्यायला कोणी उतरत नाही, काका.

कंडक्टर : आधी असंच वाटतं. मग पुढच्या वळणावर हात करत उभे असतात.

ड्रायव्हर : ऐकू नका त्याचं, ताई. जन्मभर माझ्या बसमध्ये डोकी मोजलीत त्यानं. तुम्हाला बोलवायचं तर काय करायचं?

हवाईसुंदरी : डोक्यावरचं हे बटण. टिंग वाजतं.

कंडक्टर : एकदा दाबलं की थांबणार, दोनदा दाबलं की निघणार?

हवाईसुंदरी : कितीही दाबा, मीच येणार.

कंडक्टर : शिस्त नाही.

ड्रायव्हर : उठली बघ गाडी. पोट खालीच राहिलं.

कंडक्टर : ब्रेक कशाला दाबतोयस?

ड्रायव्हर : मी नाही, पाय दाबतोय.

कंडक्टर : किती वेळ म्हणालास?

ड्रायव्हर : सव्वा तास.

कंडक्टर : आपल्याला अख्खी रात्र लागायची. गावं तर तीच ना दोन्ही?

ड्रायव्हर : तीच. मधली वळणं काढून टाकलीत.

कंडक्टर : मग राहिलं काय? जे काही झालं ते वळणांवरच झालं. तो बघ आपला घाट.

ड्रायव्हर : कुठे?

कंडक्टर : गेला.

ड्रायव्हर : असा कसा गेला? इथेच गाडी बंद पडली होती. सगळे उतरून ढकलत होते. तो कोंबडा घेतलेला म्हातारासुद्धा.

कंडक्टर : म्हातारा नुसता उभा होता. कोंबड्याचा आवाज जास्त होता.

ड्रायव्हर : आज मनात काहीतरी आहे तुझ्या.

कंडक्टर : बोलायचं होतं थोडं. पण आपलं बोलणं घाट उतरल्यावरचं. घाटापर्यंत आपण नुसत्या साहेबाला शिव्या द्यायचो.

ड्रायव्हर : खरंय. तुझ्या बायकोचं दुखणं तू मला घाट उतरल्यावरच सांगितलंस.

कंडक्टर : आणि तुझ्या पोराला परदेशी नाही, फक्त दुसऱ्या शहरात नोकरी लागली, तरी तू रडलास, तेही घाट उतरल्यावर.

ड्रायव्हर : डोळ्यात किडा गेला होता.

कंडक्टर : काच बंद होती.

ड्रायव्हर : मग बोल की. घाट उतरला.

कंडक्टर : उतरला कसला, पुसला. माझी तयारी कुठे झाली?

ड्रायव्हर : हे बघ, पोरगा म्हणतो, बाबा, या वयात एकटं राहू नका, कायमचे माझ्याकडे या.

कंडक्टर : एकटा कुठे होतास? मी रोज संध्याकाळी येत होतो.

ड्रायव्हर : ते तो एकट्यातच धरतो.

कंडक्टर : हं.

ड्रायव्हर : आणि त्याचं घर सव्वा तासावर तर आहे.

कंडक्टर : तुझ्या पोराच्या तिकिटानं सव्वा तास. माझ्या पेन्शनला अजून रात्रच लागते. आणि माझे गुडघे आता रात्रभर वाकत नाहीत.

ड्रायव्हर : टेकली. कळलंसुद्धा नाही. हात चांगला आहे या पायलट पोराचा.

कंडक्टर : तुझ्याइतका नाही. तुझ्या गाडीत घाटातसुद्धा म्हातारी जागी व्हायची नाही. इथे झोपलं होतंच कोण?

ड्रायव्हर : चल, पोरगा दारात उभा असेल. तुझं परतीचं विमान संध्याकाळी. दे दोन घंटा आणि सोड गाडी.

हवाईसुंदरी : काका, बटण दाबलंत? काय हवंय?

कंडक्टर : काही नाही, बाई.

ड्रायव्हर : एकच दिलीस, मास्तर.