चिंधीचा उजवा हात

सन्माननीय अध्यक्ष दयारामशेठ, ज्यांना निरोप द्यायला आपण जमलो ते आमचे मोठे डॉक्टर कमळाकरराव, व्यासपीठावरचे पाहुणे आणि पनवेलकर बंधुभगिनींनो,

आमच्या घरात शाळेची पायरी चढलेली मीच पहिली. डॉक्टर झाले, तरी सभेत बोलायची सवय नाही. चुकीचं काही तोंडून जाऊ नये म्हणून मोजकंच बोलते.

डॉक्टरसाहेबांनी मला शस्त्रक्रिया शिकवली, ते ऋण आहेच. पण निमंत्रणपत्रिकेवर छापलंय, 'साहेबांनी वाचवलेली चिंधी त्यांना हार घालील.' ते वाचलं आणि गप्प बसवेना.

चिंधी गवत कापणारी मजूर. गवताच्या गाडीवरून कोयत्यावर पडली. जखम काखेत. छातीतून निघालेली धमनी गळ्याखालच्या आडव्या हाडामागून, पहिल्या बरगडीवरून काखेत उतरते. छातीला, खांद्याला फाटे देत हातात जाते. काखेत तीच कापली होती. मी हाडामागे अंगठा रोवून ती बरगडीवर दाबून धरली. रक्त थांबलं. आता चोळी कापायची आणि धमनी बांधायची, एवढंच.

पण आपल्या दवाखान्याचा रिवाज काय? नवऱ्याला विचारल्याशिवाय बाईची चोळी कापायची नाही. साहेब म्हणाले, "थांबा बाई, उद्या गावभर बोभाटा होईल." तिचा नवरा आपटा गावच्या वीटभट्टीवर कामाला, तिथे माणूस पाठवला. चिंधी शुद्धीत होती. "कापा ना बाय," म्हणत होती. तिचं कोण ऐकतो? हात गार पडत गेला.

दुपार कलल्यावर तिचा नवरा काळू आला. दारातूनच म्हणाला, "ती मरते हाय, आन तुमी माजी वाट बघता? मी नाय म्हणलो असतो का?"

मग आपण लाज राखली ती कोणाची?

साहेबांनी पुढे धमनी उत्तम बांधली, हे सांगितलंच पाहिजे. खांद्यामागच्या फऱ्याभोवतीच्या बारीक फांद्यांनी हात जगवला. त्यातला जोर मात्र गेला.

अध्यक्ष खुणावताहेत. हो शेठजी, समारंभ आहे, ठाऊक आहे मला. पण हा रिवाज तुमच्याच दवाखाना-समितीचा. उद्यापासून दवाखाना माझ्याकडे येतोय. मी तो पाळणार नाही. मग मला ठेवा, नाहीतर काढा.

आपण ऐकून घेतलंत, आभारी आहे. बोलण्यात उणंअधिक झालं असेल तर पोटात घाला.

चिंधी, ये पुढे. साहेब, तिचा हात खांद्याच्या वर जात नाही. हारासाठी तुम्हालाच वाकावं लागेल.