सहीच्या वरची कोरी जागा

माहा जन्म भाजीच्या वाडीतला, भाऊ. आमी माळी, अमरावती-अकोल्याच्या मधातलं हे गाव, आन् बाजारात माह्या मायचा ओटा, मेथी, सांभार म्हंजे तुमची कोथिंबीर, वांगे, सारं तठी, मी त्या ओट्यावरच मोठी झाली, भांडाले शिकली थेबी तठीच. नगरपरिषदेले उभी राह्यली तं मायनं साऱ्या बाजाराले सांगतलं, माह्या पोरीले पाडाल तं मले तोंड दाखवू नका. निवडून आली, पण आमचे आले चौघंच, बाकी सारे देवरावभाऊचे, थो अध्यक्ष. तवापासून विरोधातच बसून राहिली, बाप्पा! विरोधकाचं काम काय राह्यते, थे हो म्हनतीन तं आपून नाही म्हनाचं, आन् मंग त्याइच्याच संगं चहा प्याचा.

आता चूक सांगतो. आमच्या सभेची रीत अशी का गेल्या गेल्या प्रोसिडिंगच्या बुकात सही कराची, पान कोरंच राह्यते, सह्या खाली, मंग पोहे, मंग सभा, आन् ठराव बाबू मांगून वरच्या जागेत लिवते. सारेच करत, मीबी करो. वाचाले काही राह्यतच नाही तं वाचन काय? त्या दिवशी सही केली, पोहे खाल्ले, आन् देवरावभाऊ म्हने कोरम भरला नाही, जा घरी. गेली. आठ दिवसांनं बाजारात जेसीबी! ओटे पाडून दुकानाइचं कॉम्प्लेक्स बांधाचा ठराव, सूचक त्याचा मानूस, आन् अनुमोदक कोन? मी! खाली माही सही.

काय सांगू तुमाले. ठरावाची नक्कल भर बाजारात कोनीतरी वाचली. मायनं इचारलं, सही तुही हाये काय? म्हटलं हाये माय, पण. तिनं पणच्या पुढचं ऐकलंच नाही. त्या दिवसापासून मी गेली का माय ताट उचलून आत जाये. पोटच्या पोरीसमोरून ताट उचलनं, भाऊ! वर अर्ज देले, थे म्हनत, बाई, सही तुमची हाये ना, मंग?

तवा ठरोलं, देवरावभाऊले सोडनार नाही. सही करण्याच्या आंधी वरच्या कोऱ्या जागेवर आडवी रेघ मारो आन् विरोध लिवो, बाबू मले रेघवाली बाई म्हने. तीन डाव निवडून आली थे त्याच खुन्नसनं. आन् मंग देवरावभाऊचेच लोकं फुटले, नवा अध्यक्ष झाला, आन् देवरावभाऊ आला आमच्या बाकावर, माह्याच बाजूले. म्हटलं या, बसा!

पुढं त्यानं ठराव आनला, कॉम्प्लेक्सले त्याच्या मेलेल्या बापाचं नाव द्याचं. अध्यक्षानं इचारलं, अनुमोदक कोन? कोनी हात वर करे ना. मंग थो माह्याकडं पाहे, म्हने ताई, बापाचं नाव हाये, तुमी द्या. म्हटलं पयले त्या कोऱ्या पानाचं सांगा साऱ्याइसमोर, मंग पाहू. लय कुचमला. पण बोलला, सही कोऱ्या पानावर घेतली, ताईनं अनुमोदन देलं नव्हतं. म्हटलं बाबू, लिवा शब्दान् शब्द, आन् वाचून दाखवा. मंग त्याची सही घेतली. अध्यक्ष म्हने, ताई, अनुमोदन? म्हटलं नाही.

त्याचं तोंड पाह्याले पाह्यजे होतं! म्हने ताई, तुमी शब्द देला. म्हटलं कधी देला? प्रोसिडिंगमंदी दाखवा. ठराव पडला, आन् माहं काळीज असं थंडं झालं का काय सांगू.

नक्कल घेऊन तडक मायच्या घरी. माय गवार निसून राहिली होती, आता नाल्यापाशी पोत्यावर बसून इकते, ओटा काही परत आला नाही. सारं वाचून दाखवलं. माय म्हने, आन् त्याच्या बापाले अनुमोदन देलं काय? म्हटलं नाही. माय उठली, ताट वाढून आनलं, म्हने बस, जेव.

आता बाजाराच्या दिवशी मी नाल्यापाशी, मायच्या पोत्यावरच जेवतो. देवरावभाऊच्या घरचा रस्ता तठूनच हाये. थो दिसला का माय साऱ्याइले आयकू जाईन असा आवाज देते, या भाऊ, जेवाले! थो खाली मान घालून जाते. माय म्हनते, शंभर वर्सं जगो बिचारा, आन् रोज इथूनच जावो.