तीनशे पावलं रिव्हर्स

ड्रायव्हर : जिच्यावरून माझी गाडी मागे जात नाही अशी वाट या पृथ्वीवर अजून जन्माला यायची आहे, ताई.

वहिनी : मग थांबलात का?

ड्रायव्हर : बहुतेक जन्माला आली.

भावजी : मी सकाळपासून हेच सांगतोय. एका बाजूला दगडी भिंत, दुसऱ्या बाजूला कालवा. इथून शेळीसुद्धा अंग चोरून जाते. एवढं वीस फुटी लोखंडी धूड कसं जाणार?

वहिनी : वाट साडेनऊ फूट आहे, कंटेनर आठ. ह्यांनी टेपनं मोजलीय. कमी पडली तिथं कुदळीनं रुंद केलीय. वर्षभर, दर रविवारी.

ड्रायव्हर : मग साहेबांनाच बोलवा ना.

भावजी : दादा वारला. तीन महिने झाले.

ड्रायव्हर : अरेरे. माफ करा, ताई. म्हणजे त्यांचं सामान ठेवायला हा कंटेनर?

वहिनी : सामान नाही, मी राहणार आहे. खिडक्या, ओटा, पलंग, सगळं ह्यांनी स्वतः बसवलंय. फक्त जागेवर न्यायचा राहिला.

भावजी : आमच्या घरी वहिनींसाठी खोली तयार आहे. रंगसुद्धा दिलाय.

वहिनी : गुलाबी.

भावजी : फिकट गुलाबी.

वहिनी : आपलं ठरलंय, भावजी. आज कंटेनर आत गेला तर मी इथं. नाही गेला तर तुमच्या गुलाबी खोलीत, कायमची. शब्द दिलाय, मोडणार नाही.

ड्रायव्हर : हे बघा, माझ्या गाडीचा पाटा मागे कलतो आणि कंटेनर मागच्या बाजूनं घसरून उतरतो. म्हणजे तीनशे पावलं उलटं जायचं. आरशात मला बोटभर वाट दिसणार. मागे खुणा करायला एक शहाणा माणूस लागेल.

वहिनी : भावजी आहेत की.

ड्रायव्हर : मी शहाणा म्हटलं.

भावजी : राहतो हो उभा! खुणाच तर करायच्या.

वहिनी : आणि मी इथं ही आडवी आलेली फांदी दोरीनं ओढून धरते.

ड्रायव्हर : धरा. पण एक आताच सांगून ठेवतो. मागचा माणूस दिसला नाही तर मी जागच्या जागी थांबणार, कंटेनर घेऊन परत जाणार. मला पोहता येत नाही.

भावजी : ऐकलंत ना, वहिनी? दिसला नाही तर परत.

(इंजिनाची घरघर, चाकांखाली फुटणारे खडे. पाऊण तास. मग लोखंड जमिनीला टेकल्याचा जड आवाज.)

वहिनी : बसला! भाऊ, चारही कोपरे बरोबर चौथऱ्यावर बसले!

ड्रायव्हर : शाबासकी मला नको, त्या मागच्या काकांना द्या. काय माणूस आहे! पण त्यांच्या खुणा उलट्या असतात हे आधी कुणी सांगायचं तरी. उजवीकडे घे म्हणतात तेव्हा डावीकडे घ्यायचं. दोनदा भिंत घासणार होतो, तेव्हा कुठं उमगलं.

वहिनी : कोण काका?

ड्रायव्हर : खुणा करत होते ते. ह्या भावजींऐवजी घरातलं कुणी थोरलं माणूस आलं, असं मला वाटलं. आणि थांब म्हणताना हात आडवा करावा की नाही? ते दोन्ही हात स्वतःच्या डोक्यावर ठेवतात. पहिल्यांदा मला वाटलं, गेलं चाक कालव्यात!

वहिनी : डोक्यावर? दोन्ही हात?

ड्रायव्हर : सात पिढ्यांचं बुडाल्यासारखे.

वहिनी : भावजी, मागे तुम्ही होतात ना?

भावजी : मी... रस्त्यावर होतो. पुलाच्या कठड्यावर बसलो होतो.

वहिनी : म्हणजे मागे गेलातच नाही?

भावजी : नाही. आरशात कुणी दिसलं नाही की हा परत फिरेल, असं वाटलं.

वहिनी : वा!

भावजी : रागवा, पण ऐका. तुम्ही इथं एकट्या. हाकेच्या अंतरावर माणूस नाही. उद्या काही झालं तर दादाला मी काय तोंड दाखवू?

वहिनी : दाखवा की आता.

ड्रायव्हर : थांबा, थांबा. दादा म्हणजे मघाशी तुम्ही ज्यांचं म्हणालात...

वहिनी : तेच. लग्न झालं त्या वर्षी ह्यांनी खुणा करून करून माझी स्कूटर गटारात घातली होती. उजवं-डावं जन्मात जमलं नाही. आणि मग डोक्याला हात लावून उभे, जशी चूक माझीच.

ड्रायव्हर : ताई, मी इंजिन बंद केलं तेव्हा ते त्या कोपऱ्यावर उभे होते. रुमालानं मान पुसत होते.

भावजी : वहिनी, चला घरी. आता तर चलाच.

वहिनी : आता कशी येऊ? कंटेनर आत गेला. शब्द तुम्हीही दिला होतात.

भावजी : पण रात्री एकट्या...

वहिनी : हाकेच्या अंतरावर माणूस नाही म्हणालात ना? आहे की.

भावजी : भीती नाही वाटत तुम्हाला?

वहिनी : चौतीस वर्षं त्यांच्याशी संसार केलाय. वाटायची ती तेव्हाच वाटून संपली.

भावजी : दादा माझ्यावर चिडला असेल का हो?

वहिनी : चिडले नसतील. पण तुमच्यामुळे पाऊण तास उभं राहावं लागलं, कंबर धरली असेल.

ड्रायव्हर : मी निघतो, ताई. आता गाडीचं तोंड पुढे आहे. सरळ जाईन, आरशात बघणारसुद्धा नाही.

वहिनी : असं नका करू, भाऊ. एकदा तरी बघा.

ड्रायव्हर : कशाला, ताई?

वहिनी : दिसले तर एवढं विचाराल? पाण्याच्या पाइपाचा कॉक त्यांनी नेमका कुठं पुरलाय.