उराबेबाईंची सात खाचरे

नाव: मासानोरी निशिगोरी. वय ६१ वर्षे. धंदा: पाणथळ राखणदार. राहणार: किनोसे गाव, पुलाजवळ, शिमाने प्रांत. दिनांक १९ जून, दुपारी १२ वाजून १० मिनिटे.

मला आज चौकीवर आणून हवालदार काजिवारा यांनी विचारले, त्यावरून सांगतो की, मी वरील पत्त्यावर एकटा राहतो. गेली अकरा वर्षे उराबे पाणथळ निधीकडे नोकरीला आहे. गावाच्या वरच्या अंगाला उतारावर सात खाचरे आहेत. त्यांत आता भात लावत नाहीत. बेडूक आणि चतुर यांच्यासाठी वर्षभर पाणी राखतात. बांध धरणे, गवत काढणे, बिळे बुजवणे ही माझी कामे.

तक्रारदार श्रीमती शिझुए उराबे, वय ८६, यांना मी ओळखतो. मी तिसरीत असताना त्या माझ्या वर्गाच्या बाई होत्या. यजमान वारल्यावर, बारा वर्षांपूर्वी, त्यांनी खाचरे या निधीला दिली आणि घर विकून आलेले पैसेही त्यातच घातले. मुद्दलाला कोणी हात लावायचा नाही, व्याजातून पाणी राखायचे, असा दानपत्राचा लेख आहे. दोन कलमे बाईंनी स्वतःच्या अक्षरात लिहिली आहेत. पाण्यावर झुकलेल्या फांद्या छाटायच्या नाहीत, कारण जूनमध्ये झाडावरचे बेडूक तिथे फेसाची घरटी करतात. आणि बांधावरून कोणालाही जायला मनाई करायची नाही. कागदावर खाचरे निधीची आहेत.

बाई आता वृद्धाश्रमात राहतात. रोज सकाळी चालत खाचरांवर येतात. मागच्या पानगळीपासून त्या मला ओळखत नाहीत. एप्रिलमध्ये त्यांनी "कोण रे तू?" असे विचारले, तेव्हा मी ऑफिसातून लेख आणून दाखवला. त्यांनी चष्मा लावून तो शेवटपर्यंत वाचला. खाली सहीऐवजी मारलेला स्वतःचा शिक्का अंगठ्याने पुसून पाहिला. "म्हणजे माझं काहीच राहिलं नाही का रे?" असे म्हणून त्या बांधावर बसल्या. दुपारी दोनपर्यंत उठल्या नाहीत. त्यानंतर मी लेख दाखवलेला नाही.

तेव्हापासून त्या रोज विचारतात, "कोणाचा माणूस तू?" मी सांगतो, "काम शोधतोय बाई, लावता का?" त्या माझे हात उलटेसुलटे करून बघतात. "हात बरे आहेत. तोंड मात्र आळशी दिसतंय," असे म्हणून कामावर घेतात. मी खोटे बोलतो हे मला मान्य आहे.

काल निधीच्या ऑफिसाने वरच्या बांधाच्या तोंडाशी फलक लावला. मला आधी सांगितले नव्हते. फलकावर "उराबे पाणथळ. परवानगीशिवाय प्रवेश बंद" असे आहे. आज ७.४० ला बाई आल्या. मी तिसऱ्या खाचरात गुडघाभर पाण्यात होतो. त्यांनी फलक मोठ्याने वाचला.

"उराबे मीच ना?"

"हो बाई."

"मग बंद कोणाला?"

मी हातातले गवत बांधावर ठेवले.

"मी बाहेर, आणि हा चोर आत!" असे म्हणून त्यांनी छत्रीने फलक पाडला. मग बांधावरून माझ्यापर्यंत येऊन एक फटका माझ्या खांद्यावर मारला. लागले नाही. गळ्यातल्या फोनवरून त्यांनी खाचरात चोर शिरल्याचे चौकीला कळवले आणि हवालदार येईपर्यंत मला पाण्यातच उभे राहायला सांगितले. मध्येच "ओठ निळे पडलेत तुझे, ये वर" असे म्हणाल्या. वर आल्यावर स्वतःचा रुमाल दिला. तो माझ्याकडे आहे, परत करायचा आहे.

येथून मी निधीच्या चिटणिसांना फोन केला. ते म्हणाले, "फलक मोडल्याची तक्रार दे. म्हणजे आश्रमवाले बाईंना बाहेर सोडायचे नाहीत. उद्या घसरून पडल्या तर कोण निस्तरणार?" मी म्हणालो, "मी निस्तरीन." ते म्हणाले, "नोकरी निधीची करतोस की बाईंची?" मी फोन ठेवला. तो फलक लेखाच्या विरुद्ध होता. तो पाडल्याबद्दल अगर खांद्याबद्दल माझी कोणाविरुद्ध तक्रार नाही. लेखाची प्रत जोडत आहे.

बाई शेजारच्या खोलीत चहा घेत आहेत. मी काय कबूल केले ते त्यांना ऐकायचे आहे. वरील मजकूर त्यांच्यासमोर वाचू नये, अशी विनंती करतो. पुढचा तेवढा वाचावा.

आज सकाळी मी उराबेबाईंना न विचारता त्यांच्या खाचरात उतरलो. ही चूक माझी. फांद्यांना हात लावलेला नाही. घरटी सतरा आहेत आणि सगळी जागेवर आहेत. यापुढे रोज विचारून उतरेन.

शेवटचा परिच्छेद हवालदारांनी तक्रारदारांच्या देखत मोठ्याने वाचला. आधीचा मजकूर मी मनातल्या मनात वाचला, तो माझ्या सांगण्याप्रमाणे आहे. ऐकून झाल्यावर बाईंनी तक्रार मागे घेतली व एक दुरुस्ती सांगितली: "सतरा नाही, अठरा. एक मेपलच्या मागच्या फांदीला आहे, वाकल्याशिवाय दिसत नाही. उद्या ये, दाखवते." दुरुस्ती मला मान्य आहे.