फुंक बाटली म्हने

माहं माहेर चांद्याजवळच्या मूल गावाकडचं. आई सुईन, आजी सुईन, मंग मी काय मास्तरीन होनार होती का? आमी महार, पन अडलेल्या बाईले जात सुचत नाई, सारं गाव आमालेच बलावे. आजीनं शिकवलं होतं, लेकरू निळं पडलं, रडत नसलं, तं तोंडाले तोंड लावून फुंक द्याची, पन गालातली, छातीतली नाई, न्हानं लेकरू असते ते. अन् फुंकाच्या आंधी बाभळीच्या काडीनं तोंड घासाचं, त्या दिवशी कोनाले शिवी नाई द्याची, काऊन का लेकराचा पयला श्वास उसना असते. अन् फुंक तं साऱ्यायचीच हाय ना भाऊ, तिकडं रानात गोंडाचा पुजारी कानात फुंकते, चांद्याले मशिदीतून नमाजी बाहेर निघाले का हिंदूच्या बाया बी पायरीवर लेकरं पुढं करतेत, चाचा, फुंका म्हनतेत. तिथी कोनी जात इचारत नाई.

अन् इथी, माह्या सासरच्या गावी, काय झालं, काय सांगू तुमाले. पुसाची थंडी होती, मालगुजाराची, गावच्या जमीनदाराची, सून अडली. गडी बलावाले आला, मी मागच्या दारानं गेली, आमाले पुढचं दार नव्हतंच. पोरगं झालं ते निळंच. फुंकलं, चोळलं, मंग फुंकलं, तवा कुठी रडलं. तिची सासू एवढी खुश का माहे पायच धराची बाकी होती. पन त्यायच्या घरी एक महाराज उतरला होता, सकाळी ओट्यावर साऱ्यायले नाक धरून श्वास घ्याले लावे, श्वास म्हंजे देव सांगे. त्यानं इचारलं, फुंकलं कोनं. समजलं तं म्हने पोराच्या आंगात महारनीचा श्वास गेला, गोमूत्र पाजा, हिरीच्या थंड्या पान्यानं आंघोळ घाला. आता तुमीच सांगा, सकाळी श्वास देव होता, माह्या तोंडातून गेला तं बाटला?

माहं टाळकंच सरकलं. मी म्हनलं, बाटला म्हनता ना महाराज, मंग माहा मले काढून द्या वापस.

महाराजानं नुसतं कळशीकडं बोट केलं. सासूनं थंड्या पान्याची कळशी उचललीच. तं सून बाजेवरून उठली, रगत जाऊन राह्यलं होतं तिचं, लेकरू छातीशी धरलं अन् म्हने, आंधी मले मारा, मंग याले भिजवा. तवा सासूनं कळशी खाली ठेवली. मी शेगडी पेटवून दोघायले शेकलं अन् घरी आली, मागच्याच दारानं.

फुडं आमच्या लोकायनं गावची असली कामं सोडली, मी बी सोडलं. ते पोरगं मोठं झालं. आता शेतावर जाताना माह्या दारात थांबते, बाई, बरी हायेस का इचारते. सभावानं चांगला हाय, खोटं काऊन बोलू. उन्हाचा आलेला राह्यते, मी पानी पुढं केलं तं म्हने नको, आत्ताच पेलो. दरवेळी तो आत्ताच पेलेला असते. ओठ सुकेले दिसतेत ना मले! माहा श्वास घेऊन जगला अन् माह्या घरचं पानी चालत नाई त्याले. राग येते भाऊ, लय येते, लिहा तुमी, जसंच्या तसं लिहा. मंग तो चालाले लागते, चढावर त्याची छाती श्वासानं भरून येते, अन् माह्या तोंडून निघूनच जाते, जग बापा, लय जग.